डायॅडिक हार्मोनिक ॲनॅलिसिस : सरावापुरतं मॉडेल की खरं गणित?

अर्धविराम

हार्मोनिक ॲनॅलिसिस (फंक्शनचे साध्या तुकड्यांत भाग पाडून अभ्यास करणारं गणित) वाचताना एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा अडतेय म्हणून धागा काढला. पुस्तकात थिअरम असतं सगळ्या इंटर्व्हलांबद्दल, पण सिद्धतेची वेळ आली की लेखक म्हणतो "आधी डायॅडिक केस बघू", आणि खरी मजा सगळी तिथेच होऊन जाते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: [०,१) घ्या, मधोमध कापा, दोन्ही तुकडे पुन्हा मधोमध कापा, असं करत राहा. असे मिळतात ते डायॅडिक इंटर्व्हल. त्यांचा मोठा गुण म्हणजे कुठलेही दोन घ्या, एकतर ते पूर्ण वेगळे असतात नाहीतर एक दुसऱ्याच्या पोटात असतो, अर्धेमुर्धे एकमेकांवर चढलेले कधीच नसतात.

माझी अडचण १/२ या बिंदूची आहे. ०.४९९ आणि ०.५०१ अगदी शेजारी, पण दोघांना एकत्र घेणारा सगळ्यात लहान डायॅडिक इंटर्व्हल म्हणजे अख्खा [०,१). म्हणजे १/२ वर एक भिंतच आहे, तशीच १/४ वर, ३/८ वर, सगळीकडे. खऱ्या रेषेवर अशी भिंत कुठेच नाही. मग भिंती असलेल्या जगात सिद्ध केलेली गोष्ट भिंती नसलेल्या जगात का लागू पडते? की पडत नाही आणि ही फक्त शिकवण्याची सोय आहे? उपयोगांबद्दलही लिहा, पण मला मुळापासून कळून घ्यायचंय.

पानगळ

वाचतेय. कोणीतरी हार फंक्शनपासून सुरुवात करा ना, आणि आकडे घेऊन करा, नुसती सूत्रं नकोत.

मोजमाप

@पानगळ, घ्या आठ आकडे: ४, ६, १०, १२, ८, ६, ५, ५.

जोड्या करा आणि प्रत्येक जोडीची सरासरी लिहा: ५, ११, ७, ५. सरासरी घेताना जे हरवलं ते बाजूला ठेवा, म्हणजे दुसऱ्यातून पहिला वजा करून निम्मं: १, १, −१, ०. आता त्या चार सरासऱ्यांवर तेच. सरासरी ८, ६ आणि फरक ३, −१. पुन्हा तेच, सरासरी ७ आणि फरक −१. हातात उरलं ७ ; −१ ; ३, −१ ; १, १, −१, ०. आठ आकडे आत गेले, आठच बाहेर आले, काही हरवलेलं नाही, उलट्या दिशेने जाऊन मूळ आकडे परत मिळतात. हे सगळे फरक म्हणजेच हार कोइफिशंट (फक्त नॉर्मलाइज केलेले नाहीत), प्रत्येक फरक एका डायॅडिक इंटर्व्हलचा, डावा अर्धा आणि उजवा अर्धा यांच्यातला. हार फंक्शन म्हणजे अशा एका इंटर्व्हलच्या डाव्या अर्ध्यावर वजा आणि उजव्या अर्ध्यावर अधिक तोच आकडा, बाकी सगळीकडे शून्य.

आता वर्गांची बेरीज बघा. मूळ आकड्यांची १६+३६+१००+१४४+६४+३६+२५+२५ = ४४६. दुसऱ्या बाजूला प्रत्येक आकड्याला तो जेवढ्या जागांवर पसरलाय तेवढ्याने गुणायचं: ८×४९ + ८×१ + ४×(९+१) + २×(१+१+१+०) = ३९२+८+४०+६ = ४४६. तंतोतंत. हार सिस्टीम ऑर्थोनॉर्मल (फंक्शनं एकमेकांना काटकोनात, प्रत्येकाची लांबी १) आहे म्हणतात ते हेच, आणि फूरियेमध्ये (साइन-कोसाइनमध्ये भाग पाडताना) जे पार्सेव्हल म्हणतो ते इथे चौथीच्या गणितात दिसतं.

जुनं_दप्तर

थोडा इतिहास, कारण त्यातून धागाकर्तीच्या प्रश्नाचा एक कोपरा उजळतो. १८७० च्या दशकात दु ब्वा-रेमोंने एक कंटिन्युअस फंक्शन दाखवलं ज्याची फूरिये सिरीज एका बिंदूवर कन्व्हर्ज होत नाही. मग साहजिक प्रश्न आला की असली भानगड न करणारी एखादी ऑर्थोनॉर्मल सिस्टीम आहे का. आल्फ्रेड हारने १९०९ मध्ये ग्योटिंगेनला हिल्बर्टच्या हाताखाली लिहिलेल्या प्रबंधात ती दिली. फंक्शन कंटिन्युअस असलं की हार सिरीज युनिफॉर्मली कन्व्हर्ज होते, कारण पार्शल सम (सुरुवातीच्या काही पदांची बेरीज) म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, डायॅडिक इंटर्व्हलांवरच्या सरासऱ्या. इंटर्व्हल बारीक होत गेले की सरासरी फंक्शनकडे जाणारच.

पुढे १९२२ मध्ये राडेमाखर आणि १९२३ मध्ये वॉल्श यांनी आपापल्या फंक्शनांच्या सिस्टीम दिल्या, मग १९३२ मध्ये पेली. पेलीने दाखवलं की एल-पी मध्ये (जिथे फंक्शनाचा आकार, म्हणजे नॉर्म, त्याच्या पी व्या घाताच्या इंटिग्रलवरून मोजतात), पी एकाहून मोठा आणि सान्त असला तर, हार कोइफिशंटांची चिन्हं हवी तशी उलटसुलट करा, नॉर्म एका स्थिरांकापलीकडे वाढत नाही. तो स्थिरांक नेमका किती हे बर्कहोल्डरने १९८४ मध्ये सांगितलं: पी आणि त्याचा जोडीदार पी/(पी−१) यांतला मोठा घ्या आणि एक वजा करा. इतक्या जुन्या प्रश्नाला इतकं स्वच्छ उत्तर मिळतं याचं मला कायम अप्रूप वाटतं. म्हणजे जे लोक याला सरावाचं मॉडेल समजतात त्यांनी एवढं बघावं की या मॉडेलमध्येच पन्नास वर्षं टिकून राहिलेले प्रश्न होते.

तिरपी_रेघ

मी धागाकर्तीच्या शंकेच्या बाजूने आहे. फूरिये का चालतं? कारण ते सरकवण्याशी जुळलेलं आहे, फंक्शन थोडं उजवीकडे ढकललं तर कोइफिशंटांचा फक्त फेज बदलतो, आकार तोच राहतो. निसर्गातले नियम आज इथे आणि उद्या तिथे तेच असतात म्हणून फूरिये तिथे शोभतं. डायॅडिक जाळीला हे कळतच नाही.

साधं उदाहरण. १/२ वर शून्यावरून एकवर उडी मारणारं फंक्शन घ्या. सरासरी सोडली तर एकच हार कोइफिशंट, बाकी सगळे शून्य. आता तीच उडी १/३ वर न्या. १/३ कधीच कुठल्या भिंतीवर येत नाही, प्रत्येक पातळीवर कुठल्यातरी इंटर्व्हलच्या आतच असतो, त्यामुळे प्रत्येक पातळीवर एक शून्य नसलेला कोइफिशंट, अनंत. प्रत्येक वेळी १/३ त्या इंटर्व्हलच्या एक तृतीयांशावर किंवा दोन तृतीयांशावर येतो, म्हणून लांबी 'ल' असलेल्या इंटर्व्हलचा कोइफिशंट √ल/३. वर्गांची बेरीज (१ + १/२ + १/४ + …)/९ = २/९, त्यात सरासरीचा वर्ग ४/९ मिळवा, २/३ येतात, जे बरोबरच आहे. गणित जुळतं, पण उडी तीच असून एका ठिकाणी एक कोइफिशंट आणि दुसऱ्या ठिकाणी अनंत, हे भिंतीचं पाप आहे. अशा बेसिसला मी नैसर्गिक म्हणू शकत नाही.

सिग्नलवाला

तिरपी_रेघ, निसर्गाचं ठीक आहे, पण माणसाने बनवलेली यंत्रं डायॅडिकच आहेत की. वॉल्श फंक्शनं फक्त +१ आणि −१ घेतात, म्हणजे गुणाकार नकोच, नुसत्या बेरजा-वजाबाक्या. ६४ लांबीचं वॉल्श ट्रान्सफॉर्म सरळ केलं तर ६४×६३ = ४०३२ बेरजा-वजाबाक्या, फास्ट पद्धतीने ६४×६ = ३८४.

१९७१ मध्ये निघालेलं मरिनर ९ मंगळाचे फोटो पाठवायचं तेव्हा सहा बिट घेऊन त्यांचा ३२ बिटांचा कोड करायचं. ते ६४ कोडवर्ड म्हणजे ३२ लांबीची ३२ वॉल्श फंक्शनं आणि त्यांची उलट्या चिन्हाची रूपं, बास. कुठलेही दोन कोडवर्ड किमान १६ ठिकाणी वेगळे, त्यामुळे सात चुका झाल्या तरी दुरुस्त होतात, आणि इथे पृथ्वीवर डीकोड करायला हेच फास्ट ट्रान्सफॉर्म. कोण आलाय ते ओळखायचं तर सगळ्या वॉल्श फंक्शनांशी इनर प्रॉडक्ट (जागच्या जागी गुणून बेरीज) घ्या आणि सगळ्यात मोठा उचला.

नंतर सीडीएमए मोबाईल. आयएस-९५ या जुन्या मोबाईल स्टँडर्डमध्ये टॉवरकडून फोनकडे येणाऱ्या बाजूला ६४ वॉल्श कोड, एकाच वेळी एकाच फ्रिक्वेन्सीवर अनेक जण बोलायचे आणि प्रत्येकाचा फोन आपापल्या कोडशी इनर प्रॉडक्ट घेऊन आपलं तेवढं बाहेर काढायचा. आणि हो, तुमची भिंत तिथेही दिसते. टॉवरकडून सगळं एकाच ठोक्याला निघतं म्हणून ऑर्थोगोनॅलिटी टिकते. फोनकडून टॉवरकडे येताना प्रत्येकाचा उशीर वेगवेगळा, सरकलेले वॉल्श कोड एकमेकांना ऑर्थोगोनल राहत नाहीत, म्हणून तिथे माणसं वेगळी करायला वॉल्शवर भिस्त न ठेवता लांबलचक स्यूडो-रँडम कोड वापरले.

पानगळ

तिरपी_रेघ आणि सिग्नलवाला दोघांची सरासरी घेतली तर उत्तर मिळेल असं दिसतंय :)

किनारा

पानगळ, गंमत म्हणून लिहिलंत पण उत्तर खरंच सरासरीत आहे. रात्री सविस्तर लिहितो.

नाणेफेक

किनारा लिहीपर्यंत माझं. डायॅडिककडे मी प्रोबॅबिलिटीतून आलो आणि त्या बाजूने बघितलं तर भिंत खटकतच नाही. [०,१) मधला बिंदू निवडणं म्हणजे नाणं फेकत राहणं, बायनरी अंक म्हणजे छापा की काटा. डायॅडिक सरासऱ्यांची मालिका म्हणजे मार्टिंगेल (न्याय्य जुगार, पुढच्या किमतीचा सरासरी अंदाज आत्ताचीच किंमत), हार कोइफिशंट म्हणजे पुढच्या फेकीतला फरक. मग सगळी मार्टिंगेलची हत्यारं फुकट मिळतात.

उदा. मॅक्सिमल फंक्शन. प्रत्येक बिंदूवर, त्याला पोटात घेणाऱ्या सगळ्या इंटर्व्हलांवरच्या सरासऱ्यांपैकी सगळ्यात मोठी घ्यायची. प्रश्न असा की ती λ च्या वर जाणारा सेट किती लांब असू शकतो. डायॅडिकमध्ये: वरून खाली या, जिथे सरासरी पहिल्यांदा λ ओलांडते तिथे थांबा. थांबलेले इंटर्व्हल एकमेकांपासून वेगळे, कारण एक दुसऱ्याच्या पोटात असता तर आधीच थांबलो असतो. प्रत्येकावर लांबी ≤ इंटिग्रल/λ. बेरीज करा, संपलं, स्थिरांक १. एकमेकांवर चढलेल्या इंटर्व्हलांतून वेगळे निवडून देणारं कुठलंही कव्हरिंग लेमा नको. हेच भिंती नसलेल्या, मध्यबिंदू धरून घेतलेल्या मॅक्सिमल फंक्शनसाठी विचारा, नेमका स्थिरांक (११+√६१)/१२ म्हणजे साधारण १.५७ आहे, आणि तो मेलासने २००३ मध्ये काढला. हार्डी-लिटलवूडचा पेपर १९३० चा. त्र्याहत्तर वर्षं, तेही फक्त एका मितीत!

मोजमापच्याच आकड्यांवर थांबून बघा, λ = ९. पूर्ण सरासरी ७, चालू. अर्ध्यांची ८ आणि ६, चालू. जोड्यांची ५, ११, ७, ५. अकरावर थांबा. थांबलेल्या जोडीच्या बाहेर सगळे आकडे ९ च्या आत (४, ६, ८, ६, ५, ५) आणि थांबलेल्या जोडीची सरासरी २λ = १८ च्या आत, कारण तिच्या पालकाची सरासरी ९ च्या वर नव्हती आणि पालक फक्त दुप्पट लांब. हेच काल्डेरॉन-झिगमुंड डीकम्पोझिशन, १९५२, म्हणजे फंक्शनचे दोन भाग. चांगला भाग बाउंडेड (मर्यादेत), वाईट भाग थोड्याच इंटर्व्हलांवर आणि प्रत्येकावर सरासरी शून्य. या विषयाचा अर्धा डोलारा याच 'थांबा' वर उभा आहे.

अर्धविराम

नाणेफेक, हे फार छान उलगडलं, 'पालक फक्त दुप्पट लांब' हे वाक्य मी वाचून पुढे गेले असते. पण माझी भिंत अजून तिथेच आहे. डायॅडिक मॅक्सिमल फंक्शनचा अंदाज मिळाला, त्यावरून खऱ्याचा कसा?

किनारा

लिहितो. आधी मॅक्सिमल फंक्शनपुरतं.

एक जाळी पुरत नाही कारण भिंती आहेत. मग दुसरी जाळी घ्या जिच्या भिंती पहिलीच्या भिंतींपासून दूर आहेत. नुसतं 'थोडं सरकवून' चालणार नाही, प्रत्येक पातळीवर दूर राहायला हवं. १/३ ने सरकवलं की काम होतं. पातळी 'क' वर इंटर्व्हलची लांबी २ चा −क वा घात, पहिल्या जाळीच्या भिंती त्या लांबीच्या पूर्णांक पटीवर, दुसरीच्या त्यापासून लांबीच्या एक तृतीयांशाने सरकलेल्या, एका पातळीवर उजवीकडे आणि पुढच्या पातळीवर डावीकडे. चिन्ह आलटून पालटून का? कारण लांबी निम्मी झाली की मोठ्याचा १/३ हा लहानाचा २/३ होतो, आणि २/३ = १ − १/३. म्हणून मोठ्या पातळीच्या भिंती लहान पातळीच्या भिंतींमध्ये बरोबर बसतात आणि दुसरी जाळीसुद्धा पोटात-किंवा-वेगळे हा गुण पाळते.

आता कुठलाही इंटर्व्हल घ्या, १/२ च्या दोन्ही बाजूंना पसरलेला असला तरी. ज्या पातळीवर जाळीच्या लांबीचा तिसरा भाग तुमच्या इंटर्व्हलपेक्षा जेमतेम मोठा आहे ती पातळी निवडा. त्या पातळीवर दोन जाळ्यांच्या भिंतींमधलं अंतर किमान तेवढं, म्हणजे तुमच्या इंटर्व्हलमध्ये दोन्ही जाळ्यांच्या भिंती एकदम येऊच शकत नाहीत. जिची येत नाही तिच्या एका इंटर्व्हलमध्ये तो पूर्ण मावतो, आणि तो इंटर्व्हल तुमच्यापेक्षा जास्तीत जास्त सहापट. झालं. खरं मॅक्सिमल फंक्शन ≤ ६ × (दोन डायॅडिक मॅक्सिमल फंक्शनांची बेरीज). तिरपी_रेघ यांच्या उदाहरणात १/३ ने जो त्रास दिला तोच गुण इथे कामी येतो: तो कुठल्याच पातळीवर भिंतीच्या जवळ जात नाही.

नाणेफेक

+१. हे तीन ओळीत कळतं आणि मग आधी कधी न कळल्यासारखं वाटतच नाही.

तिरपी_रेघ

किनारा, युक्ती सुंदर आहे, मान्य. पण मॅक्सिमल फंक्शनमध्ये सगळं पॉझिटिव्ह आहे, मोठ्या इंटर्व्हलवर ढकललं तर फार तर सहापट होतं. हिल्बर्ट ट्रान्सफॉर्म घ्या, म्हणजे फंक्शनला १/(क्ष−य) या कर्नलने गुणून इंटिग्रल, तिथे सगळा खेळ डावीकडचं उजवीकडच्यातून वजा होण्याचा आहे. तिथे 'सहापट मोठा इंटर्व्हल घ्या' म्हणून कसं चालेल? शिवाय एक ठोस फरक सांगतो. शून्याच्या उजवीकडे लॉग क्ष आणि डावीकडे शून्य असं फंक्शन घ्या. शून्यावर भिंत असलेल्या जाळीला हे डायॅडिक बीएमओ (प्रत्येक इंटर्व्हलवर सरासरीपासूनचं ऑसिलेशन मर्यादेत असणारी फंक्शनं) मध्ये चालतं, कारण शून्याच्या दोन्ही बाजूंना एकदम बघणारा इंटर्व्हलच नाही. खऱ्या बीएमओ मध्ये ते नाही, शून्याभोवतीचा बारीक इंटर्व्हल घेतला की ऑसिलेशन वाढतच जातं. म्हणजे डायॅडिक जग इथे चुकीचं उत्तर देतं.

अर्धविराम

हो, मला हेच विचारायचं होतं, तिरपी_रेघ यांनी माझ्यापेक्षा नेमकं विचारलं.

किनारा

दोन्ही मुद्दे बरोबर आणि दोन्हींना उत्तर आहे.

बीएमओचं आधी. ते फंक्शन एका जाळीला फसवतं, पण १/३ ने सरकलेल्या जाळीत शून्यावर भिंत नाही, ती त्याला लगेच पकडते. दोन्ही जाळ्यांच्या डायॅडिक बीएमओ मध्ये असणं म्हणजेच खऱ्या बीएमओ मध्ये असणं, वर लिहिलेल्या सहापटीवरून हे दोन ओळीत निघतं.

आता हिल्बर्ट. इथे दोन जाळ्यांनी भागत नाही, इथे सगळ्या जाळ्या लागतात. २००० मध्ये श्टेफानी पेटरमिख्लने एक इतकं साधं डायॅडिक ऑपरेटर दिलं की विश्वास बसत नाही: प्रत्येक इंटर्व्हलचं हार फंक्शन उचला आणि त्याच्या जागी डाव्या अर्ध्याचं हार फंक्शन वजा उजव्या अर्ध्याचं हार फंक्शन ठेवा, √२ ने भागून. बास. एल-टू मध्ये (वर्गांच्या बेरजेने मोजलं तर) नॉर्म १, तपासायला अर्धी ओळ. आता जाळी सरकवा, ताणा, प्रत्येक जाळीसाठी हे ऑपरेटर बनवा आणि सगळ्यांची सरासरी घ्या. जे उरतं ते हिल्बर्ट ट्रान्सफॉर्मच, एका स्थिरांकाच्या पटीत.

असं का व्हावं? सरासरीनंतर एकही भिंत शिल्लक नाही, म्हणून ते ऑपरेटर सरकवण्याशी आणि ताणण्याशी कम्यूट करतं (आधी सरकवा की नंतर, उत्तर तेच). आरशात बघितलं की डावं-उजवं बदलतं आणि चिन्ह उलटतं. एल-टू वर बाउंडेड आहे. या अटी पाळणारं ऑपरेटर हिल्बर्ट ट्रान्सफॉर्मच्या पटीशिवाय दुसरं असूच शकत नाही. उरतं फक्त तो स्थिरांक शून्य नाही हे दाखवणं, कष्ट तिथे आहेत. आणि लक्षात घ्या, हार फंक्शन जागच्या जागी ठेवून नुसती चिन्हं बदलली असती तर हे जमलं नसतं, आरशात त्याचं चिन्ह उलटत नाही. पालकाकडून मुलांकडे नेलं, डावं-उजवं वेगळं वागवलं, म्हणून जमलं.

म्हणजे भिंत प्रत्येक जाळीत आहे पण तिची जागा कुठेच ठरलेली नाही, त्यामुळे सरासरीत ती टिकत नाही.

पानगळ

मी म्हटलं होतं ना सरासरी :) वाचनखूण साठवली.

जुनं_दप्तर

यातून पुढे जे झालं ते थोडक्यात, कारण 'सरावापुरतं मॉडेल' या शब्दांना खरं उत्तर ते आहे. वजन असलेल्या एल-टू मध्ये (जिथे नॉर्म मोजताना प्रत्येक बिंदूला वेगळं वजन देतात) हिल्बर्ट ट्रान्सफॉर्म कधी बाउंडेड असतो? १९७३ मध्ये हंट, मकनहाउप्ट आणि व्हीडन यांनी सांगितलं: वजनाची सरासरी गुणिले त्याच्या व्यस्ताची सरासरी, हा गुणाकार सगळ्या इंटर्व्हलांवर एका मर्यादेत असला तर आणि तरच. त्या मर्यादेला ए-टू स्थिरांक म्हणतात. पण नॉर्म त्या स्थिरांकाबरोबर किती वेगाने वाढतो हे कळत नव्हतं. सरळ प्रमाणात वाढतो हे हिल्बर्टसाठी पेटरमिख्लने दाखवलं (२००७ मध्ये छापलं), किनारा यांनी सांगितलेल्या त्याच डायॅडिक ऑपरेटरवरून, त्याला शिफ्ट म्हणतात. मग सगळ्या काल्डेरॉन-झिगमुंड ऑपरेटरांसाठी (हिल्बर्टसारख्या कर्नलची ऑपरेटरं) तुओमास ह्युट्योनेनने २०१२ मध्ये. तोही मार्ग तोच: कुठलंही असं ऑपरेटर म्हणजे रँडम जाळ्यांवरच्या शिफ्टांची सरासरी, शिफ्ट जितका गुंतागुंतीचा तितका त्याचा वाटा झपाट्याने कमी. रँडम जाळ्यांची कल्पना नाझारोव, ट्राइल आणि वोल्बर्ग यांच्याकडून आली होती.

आणि हे फक्त स्थिरांकाचं वेड नाही. बर्लिंग ट्रान्सफॉर्मसाठी (हिल्बर्टचा प्रतलातला भाऊ) असाच सरळ प्रमाणाचा अंदाज पेटरमिख्ल आणि वोल्बर्ग यांनी २००२ मध्ये दिला आणि त्यावरून प्रतलातल्या क्वासिरेग्युलर (छोटी वर्तुळं मर्यादेपलीकडे न विस्कटणाऱ्या) मॅपिंगचा एक सीमेवर अडकलेला प्रश्न सुटला. प्रमाण थोडं जरी जास्त निघालं असतं तरी तो सुटला नसता.

पुढे लेर्नरने सगळं आणखी सोपं केलं, ज्याला स्पार्स म्हणतात: ऑपरेटरला थोड्याच डायॅडिक क्यूबांवरच्या (वरच्या मितीतले इंटर्व्हल) सरासऱ्यांच्या बेरजेने दाबायचं, आणि प्रत्येक क्यूबचा निदान अर्धा भाग फक्त त्याचा स्वतःचा. म्हणजे नाणेफेक यांचं 'थांबा', पण थांबल्यावर पुन्हा सुरू करायचं आणि पुन्हा थांबायचं.

सिग्नलवाला

किनारा यांचा प्रतिसाद वाचून चमकलो, कारण हीच गोष्ट आमच्याकडे वेगळ्या नावाने रोज वापरात आहे. हार वेव्हलेटने इमेजमधला नॉइज काढायचा, छोटे कोइफिशंट शून्य करायचे, की चित्रात चौकोनी ठोकळे दिसायला लागतात, नेमके भिंतींच्या जागी. मोजमाप यांचेच आकडे एक घर सरकवा: ६, १०, १२, ८, ६, ५, ५, ४. आता कोइफिशंट ७ ; −२ ; १, −०.५ ; २, −२, −०.५, −०.५. एकूण वर्गांची बेरीज पुन्हा ४४६, पण आधी सगळ्यात बारीक पातळीवर ६ होते ते आता १७, सगळ्यात ठळक पातळीवर ८ होते ते ३२. सिग्नल तोच.

यावर १९९५ मध्ये कॉइफमन आणि डोनोहो यांनी सुचवलं ते सायकल स्पिनिंग: सिग्नल सगळ्या शक्य तितक्या घरांनी सरकवा, प्रत्येक वेळी नॉइज काढा, परत जागेवर आणा, सगळ्यांची सरासरी घ्या. ठोकळे जातात. पेटरमिख्लच्या पेपरच्या पाच वर्षं आधी, पूर्ण वेगळ्या कामासाठी, पण भिंत घालवायचा उपाय तोच! दोन्हीकडे लोकांना एकाच गोष्टीने छळलं आणि दोन्हीकडे तेच सुचलं याने मला खरंच आनंद झाला.

मोजमाप

थोडं अवांतर. ज्यांना कोडिंगमधून यायचंय त्यांच्यासाठी: वॉल्श फंक्शनं ही एक्सॉरची फूरिये आहेत. दोन संख्यांचे बायनरी अंक हातचा न घेता मिळवायचे, म्हणजे एक्सॉर, आणि वॉल्श फंक्शन त्याला गुणाकारात बदलतं. त्यामुळे एक्सॉर कन्व्होल्यूशन फास्ट वॉल्श-हाडामार्डने होतं, कॉम्पिटिटिव्ह प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांना पाठ असतं. क्वांटम अल्गोरिदममध्ये सुरुवातीला सगळ्या क्यूबिटांवर जे हाडामार्ड गेट लावतात तेही हेच ट्रान्सफॉर्म.

म्हणून तिरपी_रेघ यांना एवढंच म्हणेन की वॉल्शलाही स्वतःचं सरकवणं आहे, हातच्याशिवायचं. त्या ग्रुपवर वॉल्श तितकंच नैसर्गिक आहे जितकं वर्तुळावर साइन-कोसाइन.

तिरपी_रेघ

मोजमाप, हे मला पटतं, आणि याच कारणाने पुढची गोष्टही सांगायला हवी नाहीतर नवीन वाचक समजेल की वॉल्श सिरीज हार सिरीजसारखीच सरळ आहे. तशी नाही. २ च्या घातावर थांबलात तर पार्शल सम म्हणजे डायॅडिक सरासरी, सगळं छान. मध्येच थांबलात तर कर्नलचा एल-वन नॉर्म लॉगसारखा वाढू शकतो, आणि कंटिन्युअस फंक्शनाची वॉल्श सिरीजसुद्धा एखाद्या बिंदूवर बिघडू शकते, फूरियेसारखीच. कार्लेसनने १९६६ मध्ये एल-टू फंक्शनांची फूरिये सिरीज जवळजवळ सगळीकडे कन्व्हर्ज होते हे सिद्ध केलं, आणि पुढच्याच वर्षी बियारने वॉल्शसाठी. म्हणजे अडचण तीच, फक्त वॉल्शमध्ये टोकं स्वच्छ कापलेली, शेपट्या नाहीत. लेसी आणि थीले यांनी बायलिनियर (दोन फंक्शनं एकदम घेणारा) हिल्बर्ट ट्रान्सफॉर्म सोडवला त्याआधी थीलेने वॉल्श मॉडेलवरच हात बसवला होता. या अर्थाने मॉडेल म्हणणं मला अजूनही योग्य वाटतं, आणि त्यात कमीपणा काही नाही.

अर्धविराम

सगळ्यांचे मनापासून आभार. माझ्यासाठी चित्र असं झालंय: पॉझिटिव्ह गोष्टी असतील तर दोन जाळ्या पुरतात आणि थोडा स्थिरांक द्यावा लागतो. वजाबाकीवर चालणाऱ्या गोष्टी असतील तर सगळ्या जाळ्यांची सरासरी, आणि तिथे मग अंदाज नाही, चक्क समीकरणच मिळतं. मी 'सोय' म्हणत होते ते मागे घ्यायला लावलंत.

दोन प्रश्न उरले. वरच्या मितीत किती जाळ्या? आणि जिथे मधोमध कापणं म्हणजे काय हेच माहीत नाही अशा जागी, म्हणजे नुसती मेट्रिक स्पेस असेल तर?

किनारा

'डी' मितीत डी+१ जाळ्या पुरतात, प्रत्येक दिशेला दोन-दोन करून २ चा डी वा घात घ्यायची गरज नाही. मेट्रिक स्पेससाठी मायकेल ख्रिस्टने १९९० मध्ये डायॅडिक क्यूब बनवून दाखवले, कापायला मधोमध लागत नाही, प्रत्येक पातळीवर एकमेकांपासून पुरेसे दूर बिंदू निवडायचे आणि कोण कोणाचं मूल ते ठरवायचं. क्यूब वेडेवाकडे होतात पण पोटात-किंवा-वेगळे हा गुण राहतो, आणि सगळं काम तोच गुण करतो.

नाणेफेक

यात एक अट दडलेली आहे ती लिहून ठेवतो. मॅक्सिमल फंक्शनचा स्थिरांक १ हा कुठल्याही मेझरला चालतो, माझी सिद्धता पुन्हा वाचा, लांबीऐवजी कुठलंही मेझर टाका, एक अक्षर बदलावं लागत नाही. पण त्याच्या पुढचं '२λ च्या आत' हे पालक फक्त दुप्पट लांब आहे यावर उभं होतं. मेझर डबलिंग नसेल, म्हणजे पालकाचं माप मुलाच्या हजारपटही असू शकत असेल, तर थांबलेल्या इंटर्व्हलवर सरासरी किती वर जाईल याला काही लगाम नाही आणि काल्डेरॉन-झिगमुंड तिथेच मोडतं. तिथे कुठले हार शिफ्ट वीक टाइपचे (मॅक्सिमल फंक्शनसारखा λ च्या वरच्या सेटचा अंदाज पाळणारे) राहतात आणि कुठले नाही हे मेझर पालकाकडून मुलांकडे कसं वाटलं जातं यावर ठरतं, लोपेझ-सांचेझ, मार्टेल आणि पारसेट यांनी २०१४ मध्ये त्याची नेमकी अट दिली. त्यात दुसरी जाळी नाही, सरासरी नाही, सगळं एकाच जाळीत घडतं. अर्धविराम, यावर वेगळा धागा काढलात तर तिथे मांडणीसकट लिहितो.